तीन पावसाळे गोदामात

पुनर्विकासाला निघालेल्या इमारतीतल्या रहिवाशाला बिल्डरकडून साधारण तीन गोष्टी मिळतात: दरमहा भाडं, दलालीचे पैसे आणि सामान हलवण्याचा खर्च. सामान मावेल एवढी जागा मात्र मिळत नाही. दादरला, मुलुंडला किंवा पुण्यात कोथरूडला चाळीस वर्षं भरत गेलेलं घर भाड्याच्या लहान जागेत कोंबायचं म्हटलं की अर्धं सामान बाहेरच उरतं. पूर्वी ते गावी जायचं, नाहीतर भावाच्या पोटमाळ्यावर. आता गावचं घर बंद आहे आणि भावाची इमारतही पुनर्विकासाच्याच रांगेत आहे. मग ‘सेल्फ स्टोरेज’ म्हणवणाऱ्या गोदामात एक गाळा भाड्याने घ्यायचा, सामान भरायचं, शटर ओढून कुलूप लावायचं आणि बिल्डरने सांगितलेली तीन वर्षं मोजायला लागायचं.

त्या तीन वर्षांत तीन पावसाळे येतात आणि सामानाचं बरंवाईट तिथेच ठरतं. बांधणारे मात्र सगळा जीव ओततात तो काहीही फुटू नये यावर. फुटण्याचा धोका ट्रक चालू असेपर्यंतचा, म्हणजे काही तासांचा. त्यानंतरचे हजारेक दिवस सामान जागचं हलत नाही. तेव्हा त्याला कोण धक्का मारणार? तेव्हा त्याला ग्रासते ती दमट हवा, आणि तिच्या मागोमाग येणारी बुरशी, कसर, गंज.

भाड्याच्या गाळ्यांची ही कल्पना आपल्याकडची नाही. आजच्या स्वरूपातलं पहिलं सेल्फ स्टोरेज अमेरिकेत टेक्सासमधल्या ओडेसा गावी १९६४ साली सुरू झालं असं मानतात. ओडेसा हा पश्चिम टेक्सासचा कोरडा मुलूख. तिथे वर्षाकाठी साधारण साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत दोन हजारांच्या वर. सामान कसं बांधावं हे दाखवणारे जे व्हिडिओ आपण पाहतो, त्यांतले बरेचसे कोरड्या हवेतल्या माणसांनी केलेले असतात. सगळं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, हा त्यांचा सल्ला त्यांच्या हवेत चालून जातो. आपल्याकडे त्याच सल्ल्याने सोफा आतून काळा पडतो.

कारण साधं आहे. ३२ अंश तापमानाची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त ३४ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरू शकते, २५ अंशांची हवा सुमारे २३ ग्रॅम. दुपारी बंद केलेली दमट हवा रात्री गार झाली की तिला पेलवेनासं झालेलं पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दवासारखं जमतं. पण हवेतलं हे पाणी थोडं असतं. खरा साठा असतो तो सामानातच. कापूस, लाकूड, कागद या वस्तू दिसायला कोरड्या असल्या तरी कायम पाणी धरून असतात. मध्यम दमट हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी बाळगतो आणि पावसाळी हवेत त्याहून बरंच जास्त. म्हणजे दहा किलो कापसाच्या गादीत, हात लावून कोरड्या वाटणाऱ्या गादीत, पाऊण ते एक लिटर पाणी सहज असतं. ती प्लास्टिकमध्ये शिवून टाकली की ते पाणी आतच फिरत राहतं. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतातच, त्यांना बाहेरून यावं लागत नाही. आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ते रुजतात. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते.

आता त्या गादीशेजारी ठेवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांचा हिशेब करा. १०० ग्रॅम जेल फार तर तीसेक ग्रॅम पाणी शोषून घेतं, मग थांबतं. एक लिटर पाण्यापुढे दोन पुड्या म्हणजे मनाचं समाधान. जेल निरुपयोगी आहे असं नव्हे. आधीच खडखडीत वाळवलेल्या आणि हवाबंद डब्यात ठेवलेल्या वस्तूसाठी ते उत्तम, कारण तिथे त्याला फक्त झाकणाच्या फटीतून शिरणारी ओल आवरायची असते. लटकवायच्या पिशव्यांत किंवा डब्यांत मिळतं ते बहुधा कॅल्शियम क्लोराइड. ते जेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतं, पण स्वतः विरघळून त्याचं खारं पाणी होतं आणि ते खाली साठतं. पिशवी भरून फुटली किंवा डबा कलंडला तर ते पाणी कपड्यांवर डाग पाडतं आणि लोखंड खातं. तीन वर्षं कोणी फिरकणार नाही अशा गाळ्यात ते ठेवू नये, असं माझं मत आहे.

या सगळ्यातून एकच गोष्ट हाती लागते. वस्तू एकतर खडखडीत वाळवून हवाबंद करावी, नाहीतर तिला वारा लागू द्यावा. मधलं काहीही वाईट. आणि मूव्हर्सची माणसं नेमकं मधलंच करून देतात, कारण त्यांना सामान खरचटू न देता पोचवायचं असतं. सोफ्याला, कपाटाला, गादीला ते स्ट्रेच फिल्मचे पदर गुंडाळतात. प्रवासापुरतं ते योग्यच आहे, त्यांच्याशी हुज्जत घालू नये. सामान गाळ्यात लागलं की मात्र ब्लेडने ती फिल्म उभी चिरून काढून टाकावी आणि वरून जुनी सुती चादर किंवा मांजरपाट टाकावं. धूळ अडते, हवा खेळते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात आणि घराघरांतल्या पोथ्याही बासनातच असत, त्यामागेही हेच शहाणपण आहे.

वाळवायचं कधी, हाही प्रश्न आहेच. किनारपट्टीवर आगोटीच्या आधी घरातलं सामानसुमान उन्हात काढायची रीत आहे. मुंबईसाठी मात्र मे महिना दिसतो तेवढा चांगला नाही. ऊन कडक असलं तरी समुद्रावरून येणाऱ्या हवेत बाष्प भरपूर असतं. डिसेंबर ते मार्च हा मुंबईचा खरा कोरडा काळ. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा याहूनही कोरडी असते. बिल्डरची नोटीस आपल्या सोयीने येत नाही हे खरं. पण जागा जूनमध्ये खाली करायची असेल, तर कपडे, पुस्तकं, गाद्या यांची बांधाबांध मार्चमध्येच उरकता येते आणि भांड्यांची शेवटच्या आठवड्यात. लोक नेमकं उलटं करतात: भांडी आधी आवरतात आणि कपाटातले कपडे भर पावसात आदल्या रात्री पिशव्यांत कोंबतात.

बांधण्याआधी काय ठेवायचंच नाही हे ठरवलं की बराच भार उतरतो. कापसाच्या गाद्या ठेवू नयेत. तीन वर्षांचं भाडं नव्या गादीहून महाग पडतं आणि गादी तरीही कुबट निघते. गॅस सिलिंडर गाळ्यात न्यायचाच नाही. तो रेग्युलेटरसकट एजन्सीला परत करून पावती, म्हणजे टर्मिनेशन व्हाउचर, घेऊन ठेवावं. नव्या पत्त्यावर कनेक्शन घेताना ते लागतं. इन्व्हर्टरची बॅटरी न वापरता पडून राहिली तर आपोआप उतरते, आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि ती कायमची जाते. शिवाय आत गंधकाम्ल असतं. ती कोणाला वापरायला द्यावी किंवा मोडीत काढावी. पॉवर बँक, जुने मोबाइल, लिथियम बॅटरीचं काहीही आगीच्या भीतीने बाहेरच ठेवावं. रॉकेल, रंग, थिनर यांचंही तेच. धान्य, मसाले, लोणच्याची अर्धी बरणी आत गेली तर उंदीर-झुरळांना आमंत्रण आणि त्याचा त्रास शेजारच्या गाळ्यांनाही. घराचा करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बिल्डरशी झालेला करार आणि दागिने गाळ्यात ठेवायचे नसतात, हे सांगायला नको. तरी कपाट रिकामं न करता उचलून नेण्याच्या नादात चोरकप्प्यातले कागद जातातच.

कपड्यांत सगळ्यात आधी लक्ष द्यायचं ते खळीकडे. खळ म्हणजे स्टार्च, आणि कसर स्टार्चवर ताव मारते. धोतरं, सुती साड्या, कडक इस्त्रीचे सदरे खळ पूर्ण निघेपर्यंत धुवून, वाळवून, इस्त्री न करता ठेवावेत. घामाचा किंवा अन्नाचा न दिसणारा डागसुद्धा किडीला पुरतो. पैठणीची गोष्ट वेगळी. रेशीम कडक उन्हात घालायचं नाही, सावलीत वाऱ्यावर टाकायचं. खऱ्या जरीत चांदी असते आणि हवेतल्या गंधकाच्या वायूंनी ती काळी पडते, म्हणून पैठणी स्वच्छ धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावी, वर्तमानपत्रात किंवा दुकानातल्या प्लास्टिकच्या वेष्टनात नव्हे. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली तर ती त्या रेघेवर चिरते. म्हणून खरं तर भारी साड्या गाळ्यात ठेवूच नयेत. त्या जागा फार खात नाहीत आणि सहा महिन्यांनी त्यांची घडी मोडायला कोणीतरी जवळ असावं लागतं.

डांबराच्या गोळ्यांवर आपल्या लोकांचा फार विश्वास. त्या किडीला आवर घालतात, तेही डबा घट्ट बंद असेल आणि आत वाफ साठत असेल तरच. उघड्या गाळ्याच्या कोपऱ्यात पसरलेल्या गोळ्या फक्त वास देतात. ओल आणि बुरशी यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही. गोळ्या आणि कापूर एकत्र ठेवले तर दोन्ही मिळून पातळ होतात आणि डाग पाडतात. थर्माकोलला लागल्या तर तो विरघळतो. कापडाच्या पुरचुंडीत बांधून, कपड्याला थेट न लावता ठेवाव्यात.

पुस्तकांसाठी खोके लहान घ्या. मोठा खोका भरला की उचलताना तळ फाटतो, नाहीतर पाठ धरते. पुस्तकं आडवी रचावीत, तिरकी राहिली की बांधणी वाकते. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर तो चुरा होईपर्यंत वाळलेला हवा. ओलसर पाला म्हणजे खोक्यात घातलेलं पाणी. फोटोंच्या अल्बमला मी गोदामात पाठवणार नाही. छापील फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, तो ओल धरून फुगतो आणि समोरच्या पानाला चिकटतो. ओढून काढला की चेहरे निघून येतात. अल्बम जिथे आपण राहतो तिथेच, कपाटात.

खोका हा बांधाबांधीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. नालीदार पुठ्ठा दमट हवेत मऊ पडतो. ९० टक्के आर्द्रतेत त्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. डिसेंबरमध्ये पाच थरांची चळत ताठ उभी असते, ऑगस्टमध्ये खालचा खोका दबतो आणि चळत काचेच्या कपाटावर कलते. म्हणून तळाला प्लास्टिकचे क्रेट, पत्र्याच्या पेट्या किंवा जाड पाच-प्लायचे खोके असावेत आणि चळत छातीच्या वर जाऊ नये. किराणा दुकानातले फुकटचे खोके घेऊ नयेत. त्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत झुरळांची अंडी असतात आणि चिकटवलेल्या कडांचा डिंक झुरळांना आवडतो. वाइन शॉपमधले खोके मात्र जरूर मागून आणावेत. आतल्या कप्प्यांत काचेचे ग्लास छान बसतात. शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजावं. ताटल्या एकावर एक आडव्या न रचता उभ्या लावाव्यात, तशा ठेवल्या की कमी तडे जातात. चिनी मातीच्या बरणीचं झाकण वेगळं गुंडाळावं. खोका हलवून पाहिला आणि आत खुळखुळलं तर अजून कागद भरावा.

धातूंत कटकट जास्त. पितळ-तांब्याची भांडी आपण चिंचेने घासतो आणि चकाकली की समाधान मानतो. कड्याखाली किंवा बुडाच्या खोबणीत राहिलेला आंबट, खारट अंश पुढे हिरवा गंज धरतो. आठवड्याभर आधी घासून, भरपूर पाण्याने विसळून, कोरडी पुसून उन्हात तापवावीत. कल्हई आत्ता करून घेऊ नये, परत आल्यावर करावी. चांदीला रबरबँड लावू नये, लोकरीत गुंडाळू नये, दोन्हींत गंधक असतं. लोखंडी तवा, विळी, खलबत्ता यांना तेलाचा हात द्यावा लागतो, पण सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल दीर्घकाळ हवेत राहून चिकट, चिवट होतं आणि खरवडावं लागतं. शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल चालतं, मात्र परत वापरण्याआधी गरम पाणी आणि साबणाने स्वच्छ धुवायला हवं. सगळ्यात स्वस्त आणि नेहमी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे घड्याळं, रिमोट, टॉर्च, वजनकाटा यांतले सेल काढणं. तीन वर्षांत सेल पाझरतो आणि आतली पट्टी खाऊन टाकतो.

लाकडात सागवान दणकट. त्याला फार तर बिजागऱ्या आखडतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं फर्निचर पार्टिकल बोर्डचं किंवा एमडीएफचं असतं. त्याची कापलेली, लॅमिनेट न लावलेली कड ओल पिऊन फुगते आणि ती परत बसत नाही. पाय आणि खालच्या कडा जमिनीला टेकता कामा नयेत. वेताच्या खुर्च्यांवर बुरशी आणि भुंगा दोन्ही येतात. पलंगाच्या पायाखाली पिवळसर बारीक भुसा दिसला असेल तर पलंग आत नेण्याआधी त्यावर उपचार करून घ्यावा, नाहीतर तीन वर्षांत शेजारचं कपाटही पोखरलं जाईल. सुट्या केलेल्या पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाच्या फळीला बांधावेत. ‘स्क्रू – सगळे’ असा एकच डबा करणाऱ्याला पुढे सुतार दुवा देत नाही.

यंत्रांबद्दल थोडक्यात. फ्रिज बंद करून, बर्फ वितळवून, दोन दिवस उघडा ठेवून पुसावा आणि गाळ्यात त्याचं दार बोटभर उघडं राहील असा दोरीने बांधावा. बंद फ्रिजइतकं कुबट दुसरं काही नसतं. तो उभाच न्यावा. आडवा न्यावा लागला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं, म्हणून परत लावताना काही तास उभा ठेवून मगच चालू करावा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या तळाशी गाळणीपाशी पाणी उरतं, ते काढावं. ड्रम जखडणारे ट्रान्झिट बोल्ट जपून ठेवले असतील तर लावावेत. एसी काढताना मेकॅनिककडून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यावा. टीव्ही आडवा ठेवू नये. पाण्याच्या फिल्टरमधल्या कांड्या आणि मेम्ब्रेन काढून टाकावेत, ते जपण्यात अर्थ नाही. तंबोरा आणि तबला गोदामात पाठवण्यापेक्षा वाजवणाऱ्या माणसाकडे ठेवावेत. भोपळा आणि कातडं यांना रोजची हाताळणीच मानवते.

गाळा पसंत करताना भाडं विचारण्याआधी मजला विचारा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईत तळमजल्यावर काही दीर्घकाळ ठेवण्याची हिंमत कोणी करू नये. पहिला किंवा दुसरा मजला बरा, सगळ्यात वरचा पत्र्याखालचा नको. ‘वातानुकूलित’ असं सांगितलं तर रात्री एसी चालू असतो का, हे विचारावं. दिवसा गार आणि रात्री बंद, ही सामानाला सगळ्यात वाईट सवय. काहीशे रुपयांना छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. तो पावसाळ्यात गाळ्यात नेऊन तासभर ठेवला की माहितीपत्रकातलं किती खरं ते कळतं. करारात नुकसानभरपाईची कमाल रक्कम किती लिहिली आहे ते वाचावं, आणि आपला घराचा विमा सामान दुसऱ्या पत्त्यावर गेल्यावरही लागू राहतो का, ते विमा कंपनीकडून लेखी घ्यावं.

आत रचताना सगळं लाकडी पॅलेटवर, कारण काँक्रीटची फरशी खालची ओल वर ओढते. भिंतीपासून वीतभर अंतर. मधून एक माणूस जाईल एवढी वाट, त्यासाठी चार चौरस फुटांचं भाडं जास्त पडलं तरी चालेल. वाट नसलेला गाळा म्हणजे तीन वर्षं न उघडता येणारी पेटी. खोक्यांवर ‘किचन’, ‘किचन २’ असं न लिहिता क्रमांक टाकावेत आणि कोणत्या क्रमांकात काय ते वहीत आणि फोनमध्ये, दोन्हीकडे ठेवावं. खोका बंद करण्याआधी वरून एक फोटो काढला तर यादीचं काम निम्मं होतं. गणपतीची मखरं, दिवाळीचे कंदील, स्वेटर, मुलांची मोठ्या इयत्तेची पुस्तकं दाराजवळ.

पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हात एकदा जाऊन यावं. कपड्यांचा एक, पुस्तकांचा एक आणि भिंतीलगतचा कुठलाही एक खोका उघडून नाक घालून वास घ्यावा. डोळ्यांना बुरशी दिसण्याच्या बऱ्याच आधी नाकाला कळते. कुबट निघालेला खोका तिथेच झटकून, पुसून परत बंद करू नये. झटकताना बीजाणू शेजारच्या खोक्यांवर बसतात. तो तसाच घरी आणावा, नाकाला फडकं बांधून गच्चीत उघडावा, सामान उन्हात टाकावं आणि तो पुठ्ठा टाकून द्यावा. तीन वर्षांची मुदत बिल्डरने वाढवली, आणि ती पुष्कळदा वाढते, तर पुढच्या पावसाळ्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये कपड्यांचे डबे पुन्हा बाहेर काढावेत, जेल बदलावं, घड्या मोडाव्यात आणि तळाच्या चळतीतले दबलेले खोके नवे करावेत.